दुर्मिळ इटालियन मोटारींचे मोल : मारानेल्लो, कुर्ला आणि गोंदिया

एन्झो फेरारी यांच्या मारानेल्लो येथील कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली फेरारी बाहेर पडली, ती शर्यतीसाठी. रस्त्यावर चालणाऱ्या मोजक्या गाड्या श्रीमंतांना विकायच्या आणि त्या पैशांवर शर्यतीचा खर्च भागवायचा, असा फेरारींचा हिशेब होता. त्यामुळे उत्पादन कायम तुटपुंजे राहिले, आणि पुढे याच तुटपुंजेपणाला भाव आला. १९६२ ते १९६४ या काळात तयार झालेल्या ‘२५० जीटीओ’ या मॉडेलच्या अवघ्या ३६ गाड्या निघाल्या. अमेरिकेत तिची नवी किंमत सुमारे १८ हजार डॉलर होती. शर्यतीतले दिवस सरल्यावर ती बरीच वर्षे नुसती जुनी गाडी म्हणून कमी दरात विकली गेली. २०१४ मध्ये मात्र त्यातली एक गाडी लिलावात ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेली, २०१८ मध्ये दुसरी ४ कोटी ८४ लाखांना आणि २०२३ मध्ये तिसरी ५ कोटी १७ लाखांना.

हा चढ सरळ रेषेत झालेला नाही. १९७३ च्या तेलसंकटात जादा पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांना गिऱ्हाईक उरले नाही. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारले आणि आधीच तापलेला बाजार भडकला. जपानमधला पैसाही त्यात उतरला. १९९० नंतर तो फुगा फुटला आणि चढ्या दराने घेतलेल्या गाड्या मालकांच्या गळ्यात पडल्या. भाव ठरण्याचे निकष मात्र या सगळ्यात टिकून राहिले : मूळ चेसिसवर मूळ इंजिन आहे का, गाडी कोणत्या शर्यतीत धावली, आणि पहिल्या मालकापासून आजच्या मालकापर्यंत कागदांची साखळी अखंड आहे का. फेरारी कंपनी आता जुन्या गाड्या तपासून अस्सलपणाचे प्रमाणपत्र देते, आणि ते असले की किंमत वाढते.

महाराष्ट्रात इटालियन मोटार आली ती वेगळ्या वाटेने. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी होई. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० तिथे तयार होऊ लागली. त्याच सुमारास सरकारने धोरण बदलले. देशात सुटे भाग बनवण्याची तयारी नसलेल्या परदेशी कंपन्यांना दार बंद झाले आणि मुंबईतला जनरल मोटर्सचा जुळणी कारखानाही बंद पडला. तयार मोटारींची आयात जवळपास थांबली. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, तेवढीच फट उरली. युरोपात फेरारी, मासेराती, लॅम्बोर्गिनी यांचा सुवर्णकाळ चालू होता, तेव्हा भारतात त्या येऊच शकत नव्हत्या. इथल्या संग्राहकांकडे म्हणूनच मुख्यतः संस्थानिकांच्या काळातल्या, स्वातंत्र्यापूर्वी आलेल्या गाड्या राहिल्या.

फियाट ११०० सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात मुंबईची ओळख बनली. तिचे उत्पादन शतक उलटताना थांबले. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आज नीट राखलेल्या खासगी पद्मिनीला हौशी गिऱ्हाईक मिळते. पण ती मोठ्या संख्येने तयार झालेली साधी कौटुंबिक मोटार आहे. तिला मिळणारी किंमत आठवणींची असते. दुर्मिळतेचा वाटा त्यात थोडा.

उदारीकरणानंतर खरी स्पोर्ट्स कार आयात करता येऊ लागली, तरी जबर सीमाशुल्कामुळे ती मोजक्यांच्याच आवाक्यात होती. हे सर्वसामान्यांना कळले ते सचिन तेंडुलकर यांच्या फेरारीमुळे. डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये फियाटने त्यांना ‘३६० मोडेना’ भेट दिली. तिच्यावरचे एक कोटीहून अधिक रुपयांचे सीमाशुल्क माफ करण्यावरून वाद पेटला आणि अखेर ती रक्कम कंपनीने भरली. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. ३६० मोडेना हजारोंच्या संख्येने बनली होती. भारतात या एका गाडीला वेगळे मोल आले ते पहिल्या मालकाच्या नावामुळे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पन्नास वर्षांहून जुनी, व्यापारी वापरात नसलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने तिच्यात बसतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. नूतनीकरणाला ५ हजार लागतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो.

गोंदियासारख्या जिल्ह्यात ही शेवटची तरतूद महत्त्वाची ठरते. जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला आणि त्याला एमएच-३५ ही मालिका मिळाली. पन्नास वर्षांपूर्वीच्या फियाटची पहिली नोंद त्या मालिकेत असणे शक्य नाही. ती भंडाऱ्याच्या किंवा दुसऱ्या जिल्ह्याच्या दप्तरात असणार. अशा गाडीचे जुने आरसी बुक, मालकी बदलाच्या नोंदी आणि मूळ इंजिन-चेसिस क्रमांक हीच तिची वंशावळ होय. लाखो डॉलरची फेरारी असो वा पत्र्याच्या शेडमधली फियाट, भंगारवाला वजनाचा दर देतो आणि संग्राहक कागदांचा.