हिरवा डगला

हिमालयात पदभ्रमणास निघणाऱ्या तरुणांच्या पाठपिशवीत हल्ली बदकाच्या वा हंसाच्या पिसांनी भरलेले एक फुगीर जाकीट हटकून असते. दाबले की पिशवीच्या कोपऱ्यात बसते, सोडले की फुलते. माळव्यातील हिवाळे रजईत काढलेल्या आमच्या घरांना त्यात नवल वाटू नये, कारण ती अंगात घालायची रजईच आहे. रुईभरला डगला तर मराठी शिपायाच्याही अंगावर असे. परंतु ही साधी गोष्ट एव्हरेस्टच्या वाटेवर प्रथम गेली तेव्हा तिची यथेच्छ टवाळी झाली. ज्याची टवाळी झाली तो गृहस्थ पुढे पाच वर्षे पुण्यात होता, म्हणून ही हकीकत आपल्या वाचकांसमोर ठेवावीशी वाटते.

जॉर्ज इंगल फिंच यांचा जन्म १८८८ साली ऑस्ट्रेलियात झाला. शिक्षण झुरिचला, विषय रसायनशास्त्र. आल्प्समधील कठीण चढाया त्यांनी तरुणपणीच केल्या होत्या. १९२२ च्या ब्रिटिश मोहिमेसाठी त्यांनी स्वतःच्या कल्पनेने एक लांब कोट शिवून घेतला. वरचे कापड बलूनसाठी वापरतात ते, हलके आणि वारा न शिरणारे. आत आयडर या उत्तरेकडील समुद्री बदकाचे मऊ पीस, टाके घालून कप्प्याकप्प्यांत बसविलेले. रंग भडक हिरवा. बरोबरीचे गडी लोकरी स्वेटर, ट्वीडचे कोट, गॅबर्डिनचे झगे आणि पायांस काश्मिरी पट्ट्या अशा वेषात होते. त्यांच्यात हा हिरवा फुगा हास्यास्पद दिसला असेल, यात शंका नाही. गंमत अशी की पिसांच्या झोपण्याच्या पिशव्या मोहिमेबरोबर होत्याच. पिसे अंथरुणात चालत. अंगावर घालून चालणे मात्र शिष्टसंमत नव्हते!

फिंच यांचा विचार रसायनशास्त्रज्ञाचा होता. ऊब कापडात नसते, कापडाने अडवून धरलेल्या स्थिर हवेत असते. लोकरही तेच करते, परंतु वजनाच्या मानाने पीस कितीतरी अधिक हवा धरून ठेवते. आणि वरून वारा न शिरणारे आवरण नसेल तर ती हवा क्षणात उडून जाते. सात हजार मीटरच्या वर जिथे प्रत्येक श्वास मोजून घ्यावा लागतो, तिथे अंगावरचे एकेक शेर वजन हिशेबात धरावेच लागते. पिसाचा दोष एकच, भिजले की ते गोळा होऊन बसते. एव्हरेस्टच्या कोरड्या थंडीत त्या दोषाची फारशी भीती नव्हती.

त्याच मोहिमेत मे महिन्याच्या २१ तारखेला मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरवेल प्राणवायूशिवाय ८,२०० मीटरच्या किंचित वर पोहोचले. आदल्या दिवशीच्या चढणीत भारतीय सर्वेक्षण खात्याचे मोर्सहेड यांनी वाऱ्याचा पोशाख अंगावर चढविण्यास उशीर केला होता. हिमदंशाने पुढे त्यांच्या तीन बोटांची टोके गेली. उबदार वस्त्र पिशवीत असणे आणि ते वेळेवर अंगावर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आजही डोंगरात जाणाऱ्याने ध्यानी घ्यावे.

मग पाळी फिंच यांची. बरोबर होते जेफ्री ब्रूस, ज्यांना असल्या गिर्यारोहणाचा अनुभव नव्हता, आणि गुरखा पलटणीचे तेजबीर. सुमारे ७,७७० मीटरवर तंबूत हे तिघे वादळात अडकले. अन्न संपत आले. दुसऱ्या संध्याकाळी खालच्या छावणीतून हमाल त्या वादळातच चहाचे थर्मास घेऊन वर आले. इतिहासात त्यांच्या या चढणीला दोन ओळींपलीकडे जागा मिळालेली नाही. त्या रात्री गारठा अंगात शिरू लागला तेव्हा फिंच यांना प्राणवायूची आठवण झाली. थोडा थोडा ओढताच हातापायांत ऊब परतली आणि झोप लागली. २७ मे रोजी फिंच आणि ब्रूस ८,३२० मीटरपर्यंत गेले. तोवर मनुष्य इतका उंच चढला नव्हता. हिरव्या कोटाला हसणारे तोवर त्याचा हेवा करू लागले होते.

इतके होऊनही १९२४ च्या मोहिमेत फिंच यांना घेतले नाही. व्याख्यानांच्या पैशांवरून एव्हरेस्ट समितीशी त्यांचा वाद झाला होता. पण आमच्या मते खरे कारण अधिक खोल होते. ते वसाहतीत जन्मलेले, इंग्रजी विद्यापीठांबाहेर शिकलेले, घटस्फोटित आणि स्पष्टवक्ते. त्या वर्तुळात ते उपरेच होते. माणूस गेला, त्याबरोबर त्याचा कोटही गेला. १९२४ साली नॉर्टन लोकर, फ्लॅनेल आणि गॅबर्डिनचे थरांवर थर चढवून ८,५७० मीटरपर्यंत पोहोचले. मॅलरींचा देह १९९९ साली सापडला तेव्हा त्यावरही रेशीम, सूत, लोकर यांचे असेच थर आढळले. पुढे त्या कपड्यांच्या प्रतिकृती डोंगरावर घालून पाहिल्या. चालताना त्या हलक्या व सुखकर वाटल्या. तेव्हा जुन्या पोशाखाला सरसकट नावे ठेवणेही न्याय्य नाही. परंतु रात्र उघड्यावर काढण्याची वेळ आली तर तो पुरा पडेल काय, हा प्रश्न उरतोच.

फिंच प्रयोगशाळेकडे वळले, रॉयल सोसायटीचे फेलो झाले, आणि १९५२ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक म्हणून आले. तिचे ते दुसरे संचालक. २९ मे १९५३ रोजी तेनझिंग आणि हिलरी शिखरावर उभे राहिले. त्यांच्या पाठीवर प्राणवायूच्या नळकांड्या होत्या आणि वारा न शिरणाऱ्या कपड्यांच्या आत पिसांचा पोशाख. बातमी आली तेव्हा फिंच पुण्यातील त्याच प्रयोगशाळेचा कारभार पाहत होते. १९५७ मध्ये ते इंग्लंडला परतले, आणि १९५९ साली लंडनच्या आल्पाइन क्लबने त्यांना आपले अध्यक्ष केले.