पावलातील अतिरिक्त हाडे

मानवी पावलात एरवी २६ हाडे मोजतात : घोटा-टाचेच्या भागात ७, तळव्यात ५ आणि बोटांत १४. काहींच्या पावलात याखेरीज एखाददुसरे लहान, सुटे हाड आढळते. ते अतिरिक्त हाड. वाढीच्या वयात मुख्य हाडाशेजारी हाड तयार होण्याचे दुय्यम केंद्र निर्माण होते आणि पुढे ते मुख्य हाडाशी सांधले जाते. हा सांधा जुळला नाही, तर तो भाग कूर्चेच्या किंवा तंतूंच्या दुव्याने लगत राहतो. कंडरेच्या आत तयार होणारी सिसॅमॉइड हाडे वेगळ्या कुळातली. गुडघ्याची वाटी हे त्यांतले सर्वांत मोठे. अंगठ्याच्या बुडाशी तळव्याकडून अशी दोन हाडे जवळपास सर्वांनाच असतात, म्हणून ती अतिरिक्त धरत नाहीत. क्ष-किरण चित्रात दोन्ही प्रकार अस्थिभंगासारखे भासून सारखाच घोटाळा करत असल्याने वैद्यकात त्यांचा विचार एकत्र होतो.

सर्वाधिक तक्रारी ज्यांमुळे येतात त्यांपैकी एक हाड पावलाच्या आतल्या बाजूस, कमानीच्या माथ्याशी, नेव्हिक्युलर या घोट्यापुढच्या हाडाला लागून असते. त्याचे तीन प्रकार मानतात : कंडरेतला सुटा लहान दाणा, कूर्चेने जोडलेला, सुमारे सेंटिमीटरभराचा त्रिकोणी तुकडा, आणि मुख्य हाडाशी एकजीव होऊन पुढे आलेले टोक. दुखतो तो बहुधा दुसरा प्रकार. कमान तोलून धरणारी टिबियालिस पोस्टेरियर ही कंडरा इथेच चिकटते, त्यामुळे प्रत्येक पावलागणिक कूर्चेच्या दुव्यावर ताण येतो. तक्रार घेऊन येणाऱ्यांत वयात येणाऱ्या मुली अधिक. शाळेच्या बुटाने उंचवटा घासून लाल होतो, एका पायावर टाच उचलली की नेमके तिथेच दुखते. किडनर या अमेरिकी शल्यविशारदाने १९२९ मध्ये हे हाड काढून कंडरा नव्याने बसवण्याची शस्त्रक्रिया मांडली. या हाडामुळे पाय सपाट होतो, अशी त्याची धारणा होती. हा संबंध आता तितका पक्का मानत नाहीत. हाड काढल्याने दुखणे थांबते, सपाट पायाला कमान येईलच असे नाही.

ऑस ट्रायगोनम हे दुसरे अतिरिक्त हाड टॅलस या घोट्याच्या हाडाच्या मागच्या टोकाशी असते. पाऊल पूर्ण खाली ताणले की नडगीचे हाड आणि टाच यांच्यामध्ये ते अडकित्त्यातल्या सुपारीसारखे सापडते. चवड्याच्या टोकावर उभ्या राहणाऱ्या बॅले नर्तकींना आणि पुढचा पाय जोरात टेकणाऱ्या वेगवान गोलंदाजांना याचा त्रास होतो. दुखणे टाचेमागच्या जाड कंडरेच्या पुढे, खोलवर असते. तरी उपचार पुष्कळदा त्या कंडरेवरच चालू राहतात. अंगठा वाकवणारी कंडराही या हाडाला खेटून जाते, त्यामुळे कधी तीही सुजते. मॉन्ट्रियलच्या फ्रान्सिस शेफर्डने १८८२ मध्ये टॅलसच्या याच टोकाच्या अस्थिभंगाचे वर्णन केले. तेव्हापासून तुटलेले टोक आणि मुळातच न जुळलेले सुटे हाड यांतला वाद क्ष-किरण चित्रासमोर पुन्हा पुन्हा उभा राहतो.

करंगळीच्या बाजूची ऑस पेरोनियम व ऑस वेसालियानम ही हाडे त्या मानाने कमी वेळा दुखतात, पण पाय मुरगळल्यावर अस्थिभंग म्हणून प्लास्टरमध्ये जाण्याचा धोका त्यांनाही असतो. अतिरिक्त हाडाची कड गुळगुळीत आणि चहूबाजूंनी पांढऱ्या रेषेने बंद असते. ताज्या भंगाची कड खडबडीत, एका बाजूने उघडी. मात्र जुन्या, न जुळलेल्या तुकड्याच्या कडाही कालांतराने गुळगुळीत होतात. दुसऱ्या पायाचे चित्र घेण्याची पद्धत उपयोगी आहे, पण निर्णायक नाही, कारण अतिरिक्त हाड दोन्ही पायांत असतेच असे नाही. त्याहून भरवशाची खूण म्हणजे अंगठ्याने दाबल्यावर नेमके त्या जागी दुखणे. शंका उरली तर एमआरआयमध्ये हाडाच्या मज्जेतली सूज दिसते.

उपचारांची सुरुवात विश्रांती, रुंद बूट, कमानीला आधार देणारा सोल आणि गरज पडल्यास काही आठवडे प्लास्टर यांनी होते. काही महिन्यांत फरक पडला नाही तरच शस्त्रक्रियेचा विचार करतात. ऑस ट्रायगोनम दुर्बिणीतूनही काढता येते. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या चित्रात सहज दिसलेल्या, न दुखणाऱ्या अतिरिक्त हाडाला कोणत्याही उपचाराची गरज नसते.