चिलटाचे नाक

पिकल्या केळ्यांवर जमणारी चिलटे आपण हाताने हाकलून देतो. पण वासाचे ज्ञान आनुवंशिक असते ते कसे, या प्रश्नाची वाट याच क्षुद्र जीवाने दाखविली. त्या इतिहासातील एक मोलाचे प्रकरण मुंबईत घडले.

डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६२ साली ओबेद सिद्दिकी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पुढे व्हेरॉनिका रॉड्रिग्ज त्यांच्या विद्यार्थिनी झाल्या. त्यांचा जन्म १९५३ साली नैरोबीत झाला. घराणे मूळ गोव्याचे. दोघांचे साधन अगदी साधे होते. एका नळीला दोन फाटे. एकातून वासाची हवा, दुसऱ्यातून नुसती हवा. चिलटे कोणीकडे वळतात, ते मोजावयाचे. जनुकांत बदल झालेल्या चिलटांतून वासाला चुकणारी तेवढी निवडून त्यांचे वंश वाढवावयाचे.

१९७८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही वंशांना एका जातीचे वास कळत नसत, पण दुसऱ्या जातीचे बरोबर कळत. म्हणजे घ्राणशक्ती ही एकसंध वस्तू नव्हे. निरनिराळ्या वासांना निरनिराळी द्वारे असली पाहिजेत! १९९९ साली अमेरिकेतील संशोधकांना चिलटाच्या वासग्राहकांची जनुके सापडली. आज अशी सुमारे ६० जनुके ज्ञात आहेत.

रॉड्रिग्ज २०१० साली आणि सिद्दिकी २०१३ साली निवर्तले. वास कसा येतो, हे त्यांनी वास न येणाऱ्या चिलटांना विचारले. निसर्गातील व्यंगाकडेही जिज्ञासेने पाहावे, हाच त्यांच्या कार्याचा बोध होय.