‘ड्रीम थिएटर’ आणि दीर्घ रचनेचा प्रश्न

कौशल्य आणि भाव यांतील विरोध हा संगीतसमीक्षेतील एक जुना वाद होय. ख्यालगायनातील तानबाजीविषयी जो आक्षेप वारंवार घेतला जातो, त्याच स्वरूपाचा आक्षेप पाश्चात्त्य रॉक संगीताच्या ‘प्रोग्रेसिव्ह मेटल’ या शाखेवरही घेतला गेला आहे. या शाखेचा प्रमुख प्रतिनिधी म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्या ‘ड्रीम थिएटर’ या अमेरिकन बँडच्या वाट्यास तर तो विशेषच आला. वादकांचे हात विलक्षण चालतात, परंतु त्यांतून सांगितले काहीच जात नाही, असे या टीकेचे सार आहे. तथापि या बँडच्या चाळीस वर्षांच्या वाटचालीचा क्रमाने विचार केला असता वादाचे खरे स्थान निराळे असल्याचे दिसून येते. कौशल्य किती, हा प्रश्न नसून त्या कौशल्यास सामावून घेणारी रचना उपलब्ध होती की नाही, हा खरा प्रश्न आहे.

१९८५ साली बोस्टन येथील बर्कली संगीत महाविद्यालयात शिकत असलेले गिटारवादक जॉन पेट्रूची, बासवादक जॉन म्यूंग आणि ड्रमवादक माइक पोर्टनॉय यांनी ‘मॅजेस्टी’ या नावाने हा बँड स्थापन केला. कीबोर्डवादक केविन मूर लवकरच त्यांना येऊन मिळाले, आणि शिक्षण अर्धवट सोडून या तरुणांनी स्वतःस बँडच्या कार्यास वाहून घेतले. त्यांच्यापुढे आदर्श होते ते दोन प्रकारचे. ‘यस’, ‘जेनेसिस’, ‘रश’ इत्यादी बँडनी १९७० नंतरच्या दशकात रॉक संगीतास दीर्घ व बहुखंडी रचनांचे वळण लाविले होते. ‘रश’च्या १९७६ सालच्या ‘२११२’ या ध्वनिमुद्रिकेची एक संपूर्ण बाजू एकाच रचनेने व्यापलेली आहे. दुसरीकडे ‘आयर्न मेडन’ आणि ‘मेटॅलिका’ यांचे वेगवान व कठोर नादाचे संगीत होते. या दोन प्रवाहांचा संगम प्रथम ‘ड्रीम थिएटर’नेच घडविला, असे मात्र म्हणता येत नाही. ‘क्वीन्सरीक’ आणि ‘फेट्स वॉर्निंग’ यांनी ती वाट त्याच सुमारास चोखाळली होती.

‘मॅजेस्टी’ या नावावर दुसऱ्या एका बँडने हक्क सांगितल्यामुळे पोर्टनॉय यांच्या वडिलांच्या सूचनेवरून कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील एका चित्रपटगृहाचे नाव घेण्यात आले. १९८९ साली पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिचा फारसा बोलबाला झाला नाही. त्यानंतर दीर्घकाळ गायकाचा शोध चालला आणि सुमारे २०० उमेदवारांतून कॅनडाचे जेम्स लाब्री यांची निवड झाली. १९९२ सालच्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’ या ध्वनिमुद्रिकेने बँडला खरी ओळख मिळवून दिली. तिच्यातील ‘पुल मी अंडर’ ही आठ मिनिटांहून अधिक लांबीची रचना दूरचित्रवाणी व रेडिओ या माध्यमांतून लोकप्रिय झाली.

या शैलीचे स्वरूप लयीच्या अंगाने विशेष स्पष्ट होते. हिंदुस्थानी संगीतात आवर्तनाच्या मात्रा निश्चित असतात आणि कलावंताची कल्पकता त्या चौकटीत खेळून समेवर येते. येथे चौकटच बदलत राहते. पाच, सात, नऊ अशा विषम मात्रांचे गट एकापाठोपाठ येतात. सम जणू प्रत्येक वेळी नव्याने प्रस्थापित करावी लागते. ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ या केवळ वाद्यांच्या रचनेत, सहा मिनिटांच्या अवधीत, असे बदल शंभरावर मोजले गेले आहेत. याच्या जोडीस सात तारांची गिटार व सहा तारांचा बास यांमुळे लाभलेला खर्जाचा भरीवपणा, गिटार व कीबोर्ड यांची एकस्वरात धावणारी जलद वाक्ये आणि त्यांवर तरंगणारी उंच पट्टीतील गायकी, ही या शैलीची आणखी काही लक्षणे होत.

अशा सामग्रीस चार-पाच मिनिटांचे गीत अपुरे पडणार हे उघड होते, आणि येथेच व्यवसायाशी संघर्ष उद्भवला. १९८९ साली रचलेली, तेवीस मिनिटांची ‘अ चेंज ऑफ सीझन्स’ ही रचना १९९२ च्या ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट होऊ शकली नाही. श्रोत्यांच्या आग्रहानंतर ती १९९५ साली बाहेर आली. १९९७ सालच्या ‘फॉलिंग इन्टू इन्फिनिटी’च्या वेळी बँडला दुहेरी ध्वनिमुद्रिका हवी होती. कंपनीने ती नाकारली, आटोपशीर गीतांचा आग्रह धरला आणि एका गीतासाठी व्यावसायिक गीतकाराचे साहाय्य घेण्यात आले. या अनुभवाने आपण बँड सोडण्याच्या विचारापर्यंत आलो होतो, असे पोर्टनॉय यांनी पुढे सांगितले. कौशल्यास आवर घातल्याने भाव आपोआप वाढत नाही, हा या प्रसंगाचा निष्कर्ष होय.

पुढील ध्वनिमुद्रिकेत कंपनीने हस्तक्षेप करू नये, अशी अट घालून बँडने १९९९ साली ‘मेट्रोपोलिस भाग २ : सीन्स फ्रॉम अ मेमरी’ सिद्ध केली. ज्युलियार्ड येथे शिक्षण घेतलेले कीबोर्डवादक जॉर्डन रूडेस याच वेळी बँडमध्ये आले. संमोहनावस्थेत नायकास आपल्या पूर्वजन्माचा व १९२८ सालच्या एका खुनाचा शोध लागतो, असे तिचे कथानक आहे. दोन अंकांच्या या कृतीत १९९२ च्या ‘मेट्रोपोलिस’ या रचनेतील स्वरवाक्ये पुनःपुन्हा रूप पालटून येतात. ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ ही याच कृतीचा भाग असून तिच्यातही ती स्वरवाक्ये ऐकू येतात. एरवी जी केवळ कसरत भासली असती, ती येथे स्मृतीच्या विस्कळीतपणाचे चित्र होते. संदर्भाने कौशल्यास अर्थ दिला.

यानंतर रचनेची कल्पना एका ध्वनिमुद्रिकेच्या मर्यादाही ओलांडते. १९९९ च्या कृतीचा शेवटचा ध्वनी २००२ च्या ध्वनिमुद्रिकेच्या आरंभी ऐकू येतो आणि ही साखळी २००५ च्या ‘ऑक्टेव्हेरियम’पर्यंत चालते. या आठव्या ध्वनिमुद्रिकेत आठ रचना असून त्या सप्तकातील क्रमागत स्वरांवर बांधलेल्या आहेत. तसेच मद्यमुक्तीच्या बारा पायऱ्यांवरील पोर्टनॉय यांची रचना २००२ ते २००९ या काळातील पाच ध्वनिमुद्रिकांत विभागलेली आहे.

ही प्रवृत्ती एका व्यक्तीची होती की संपूर्ण बँडची, याची कसोटी सप्टेंबर २०१० मध्ये पोर्टनॉय बाहेर पडले तेव्हा लागली. बर्कली येथेच अध्यापन केलेले माइक मँजिनी यांनी त्यांची जागा घेतली. तरीही २०१३ साली बावीस व २०२१ साली वीस मिनिटांच्या रचना निर्माण झाल्या. २०२१ च्या ध्वनिमुद्रिकेतील ‘द एलियन’ला २०२२ साली ग्रॅमी पुरस्कार लाभला. मात्र २०१६ सालच्या ‘दि अॅस्टॉनिशिंग’ या दोन तासांहून दीर्घ संगीतकथेत कथेचा भार संगीतास पेलवत नाही. दीर्घता हा स्वयंसिद्ध गुण नव्हे, हेही त्यावरून स्पष्ट होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पोर्टनॉय परतले आणि निद्राविकारांवर आधारलेली ‘पॅरासोम्निया’ २०२५ साली प्रसिद्ध झाली.

सारांश, ‘ड्रीम थिएटर’वरील आक्षेप सर्वस्वी निराधार नाही; पण तो चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो. जेथे स्वरवाक्ये परस्परांस स्मरतात, तेथे वेग हे भावाचे साधन होते. जेथे ती केवळ एकामागून एक येतात, तेथे संथ गीतही पोकळच राहते. समीक्षकाने मोजावयाचे ते स्वरांची संख्या नव्हे, तर त्यांचे परस्परसंबंध.