शहापूर-मुरबाड परिसरातील अडुळसा : कुंपणापासून गोळीपर्यंत

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत वारंवार उद्भवणाऱ्या कफयुक्त खोकल्यावर अडुळशाच्या पानांचा रस मधातून देण्याची परंपरा आहे. गुरे तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणाला लावलेली ही कडू वनस्पती! तिचा उपयोग केवळ ‘आदिवासी समजूत’ ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. आयुर्वेदीय ग्रंथांत तीच ‘वासा’ या नावाने कासावर सांगितली आहे. १८८८ मध्ये हूपर यांनी तिच्या पानांतून व्हॅसिसिन वेगळे केले. त्याच्या संरचनेवर आधारित ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध १९६३ मध्ये प्रचारात आले. तथापि चुलीचा धूर हे जुनाट श्वासनलिकादाहाचे एक मान्य कारण होय. अडुळशाची नोंद घेताना त्याच घरातील चूलही अभ्यासकाने नोंदविली पाहिजे.