करवंदांची टोपली आणि डुकराचा माग

आमच्या वीरमध्ये माझ्या लहानपणी सहल हा शब्द शाळेपुरता होता. घरच्यांनी मिळून जायचं ते डोंगरात. चैत्र-वैशाखात करवंदं, तोरणं, आळू. पहिल्या पावसाला शेवळं आणि पऱ्यातले खेकडे. पुढे बा, मागे आये, काकी आणि आम्ही चार भावंडं. बाच्या हातात कोयता. बंदूक घरी खुंटीला. पण बाचे डोळे करवंदांच्या जाळीवर नसायचे, ते खाली जमिनीवर. आम्ही करवंदं वेचायचो आणि बा जनावराचा माग वेचायचा.

त्याला कारण होतं. पिकाच्या राखणीसाठी मिळालेली आमची बंदूक ठासणीची. तिला एकच बार. तो फुकट गेला की पुन्हा दारू ठासेपर्यंत डुक्कर पलीकडच्या डोंगराला. म्हणून जनावर कुठे बसतं, कुठल्या वाटेनं पाण्यावर येतं, हे आधी कळायला हवं. ते कळलं की दोन-चार दिवसांनी गावची माणसं हाका घालायची. एका बाजूनं हाकारे आरडत यायचे, दुसऱ्या बाजूला वाट धरून बंदूकवाले बसायचे. शिकार झाली की हाकाऱ्यांना सारखे वाटे, कुत्र्यालाही त्याचं त्याचं.

माग काढायचं बा शिकला वाडीवरच्या कातकऱ्यांकडून. खैराचा काथ पाडणारे म्हणून कातकरी. त्यांच्यात सगळं घरच रानात निघायचं. बायका कंद खणायच्या, पोरं खेकडे धरायची, आणि पुरुष त्याच वाटेवर माग बघायचे. बानं तीच रीत उचलली.

पाणवठा जवळ आला की बा तोंडावर बोट ठेवायचा आणि आम्हाला खाली बसवायचा. "ह्यो बघ. मऊ मातीत खुराच्या मागं दोन अंगाला दोन नख्या उठल्यात. डुक्कर हाय. भेकराचा खूर ल्हान आन् निमुळता." डुक्कर चिखलात लोळून झाडाला अंग घासतं. तो चिखल किती उंचीवर लागलाय, त्यावरून जनावर केवढं ते कळायचं. चिखल ओला असला तर आजचा, वाळून गळायला लागला असला तर जुना. मी दहावीपर्यंत शिकलो, पण वाचायला मी पहिल्यांदा तिथे शिकलो.

नबाबाची शिकार वेगळी. आमच्याच जिल्ह्यात मुरूडकडे फणसाडचं जंगल जंजिऱ्याच्या नबाबाच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. १९८६ साली त्याचं अभयारण्य झालं. तिथली शिकार हौसेची. आमची शिकार वरकसावरच्या नाचणीसाठी आणि चार दिवसांच्या कालवणासाठी. हौस आम्हालाही होती, ती नाही म्हणणं खोटं होईल.

१९७१ साल असेल. मी चौथीत. वैशाखात आम्ही पऱ्यावर गेलो होतो. बा वरच्या दांडावर गेला आणि आये पाणी भरायला खाली उतरली. मी तिच्या मागे. पाण्याच्या कडेला मोठ्या खुरांच्या बाजूनं बारीक बारीक खूर उठले होते, पाच-सहा पिल्लांचे. मी बाला हाक मारायला तोंड उघडलं, तर आयेनं माझा हात दाबला. मग तिनं पायानं ते सगळे खूर पुसले आणि वर हंडाभर पाणी ओतलं. "गप ऱ्हा," एवढंच म्हणाली. धाकटी तेव्हा तिच्या काखेला होती.

रात्री जेवताना बानं विचारलं, "पऱ्यावर काय दिसलं?"

"शेळ्यांचं खूर," आये म्हणाली.

हाका दुसऱ्याच दांडावर झाला आणि रिकामा आला. त्या भादव्यात डुकरांनी आमची निम्मी नाचणी लोळवली. बा बांधावर उभा राहून आयेकडे बघत म्हणाला, "यंदा शेळ्या लई झाल्या." आये काही बोलली नाही. बाही परत कधी बोलला नाही. त्या वर्षी आम्ही भाकरी मोजून खाल्ली.

पुढच्याच वर्षी, १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आधी काही जनावरांची शिकार परवाना काढून करता यायची. १९९१ च्या दुरुस्तीनं तीही बंद झाली. आता शासनाची खास परवानगी असेल तरच. कायदा बरोबरच होता. आमच्या डोंगरातलं भेकर कमी होत चाललेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. पण हाका थांबला तसं घरानं मिळून डोंगरात जाणंही थांबलं, ते कुणी बंद केलं नव्हतं. १९९३ मध्ये रोह्याहून वीरपर्यंत कोकण रेल्वे आली आणि पोरं गाडीनं मुंबईला जाऊ लागली.

डुकरं मात्र वाढली. आता माझी नात सुट्टीत येते तेव्हा मी तिला वरकसावर नेतो. नुकसानभरपाईच्या अर्जासाठी फोटो लागतात. खूर मी दाखवतो, फोटो ती काढते. गेल्या गणपतीत तिनंच मला हाक मारली, "आबा, इथे छोटे छोटे पण आहेत." मी तिला तिच्या पणजीची गोष्ट सांगितली. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "बरं केलं पणजीनं. पण मग नाचणीचं काय?"

मला उत्तर आलं नाही. अर्ज दिला, पंचनामा झाला. यंदा वरकसावर पुन्हा राखणीचा माळा बांधलाय. रात्री पत्र्याचा डबा वाजवत बसतो.