हुकूम कोणाचा?

सन २०२० च्या साथींत ठाणें व कल्याण-डोंबिवली येथें हंगामी परिचारिका नेमाव्या लागल्या. परिचारिका कंत्राटदारामार्फत आली म्हणजे पगार देणारा एक व काम सांगणारी दुसरी. मग चुकीचा जाब कोणीं द्यावयाचा?

हा प्रश्न जुनाच आहे. १८५४ च्या नोव्हेंबरांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह स्कुटारीस पोहोंचल्या. डिसेंबरांत मेरी स्टॅन्ली यांची दुसरी तुकडी त्यांना न विचारतांच येऊन ठेपली. तिला रुजू व्हावयाचें होतें तें वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे! शिवाय बाईंची नेमणूक तुर्कस्थानापुरती, सबब क्रिमियांत त्यांचा हुकूम चालत नाहीं, असा अर्थ काढण्यांत आला. बालाक्लाव्हा येथील परिचारिका त्यांना जुमानीनात. अखेर १६ मार्च १८५६ च्या लष्करी आज्ञेनें त्यांचा अधिकार निःसंशय झाला. आणि ३० मार्चला पॅरिसचा तह होऊन युद्धच संपलें!

तात्पर्य, कळव्यापासून डोंबिवलीपर्यंत कोणत्याहि रुग्णालयांत, हंगामी परिचारिकेनें कोणाचें ऐकावें व तिच्या कामाची जबाबदारी कोणावर, हें पहिल्याच दिवशीं लेखी ठरलेलें असावें. आज्ञेसाठीं सोळा महिने थांबणें रोग्याला परवडत नाहीं.